ओवा घालून जाळलेला घोडा

मी एकदा एक घोडा जाळला आहे. हाडामांसाचा नव्हे, पण ज्याचा होता त्याच्या लेखी जिवंतच. मंद आचेवर, वरून ओवा आणि बाळंतशेपा टाकून. आणि धूर छान झाला म्हणून स्वतःवर खूशही झाले होते.

गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट नावाच्या गावी, मी लेकीच्या बाळंतपणासाठी आले होते. आज माझी नात मला चष्मा शोधून देते आणि वर दोन शब्द सुनावते. तेव्हा ती दुपट्यात होती आणि मी चोपन्न वर्षांची, म्हणजे तशी पोरसवदाच. अक्कल यायची होती. (अजून वाट बघतेय.)

लेक मंजिरी, हॉस्पिटलात फार्मसिस्ट. जावई मिलिंद इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. आणि कुंपणापलीकडे लेस. लेस म्हणजे सत्तरी ओलांडलेले, बायको गेल्यापासून एकटे राहणारे, सहा फुटी गृहस्थ. जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या, कडाक्यात सगळे कानटोपी घालून फिरत, तेव्हा हे अर्ध्या चड्डीत आणि जँडल्समध्ये! (जँडल्स म्हणजे आपल्या रबरी सपाता. नाव बदललं की थंडी वाजत नसावी.)

लेसचं आणि माझं पहिल्या आठवड्यातच जमलं ते काउबॉयांवरून. रविवारी दुपारी टीव्हीवर जुने कृष्णधवल काउबॉयपट लागत आणि लेस कुंपणावरून हाक मारत, "मिसेस जे! घोडे सुटले!" की मी चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे. (आमच्या आडनावातलं पहिलं अक्षर तेवढं त्यांच्या जिभेला झेपायचं.) मी पुण्याच्या कॅम्पातल्या मॅटिनीवर पोसलेली मुलगी. दादा मला चणे-फुटाण्यांची लाच देऊन न्यायचा, कारण एकट्याला सोडत नसत. इंग्रजी एक अक्षर कळत नसे. पण काउबॉयच्या सिनेमात कळायचं काय असतं? पांढरी टोपी चांगला, काळी टोपी वाईट आणि घोडा सगळ्यांत शहाणा!

"धिस मॅन, बॅड," मी पहिल्या पाच मिनिटांत जाहीर करायचे.

"तुम्हाला कसं कळलं?" लेस विचारायचे.

"हॅट!"

लेस मान डोलवायचे. इतका मान मला माझ्या नवऱ्यानं तीस वर्षांत दिला नव्हता.

पण सिनेमाहूनही माझा जीव होता नभोनाट्यांवर. रेडिओवर एक नभोनाट्य लागलं होतं माझ्या लहानपणी. त्यात जखमी सरदाराला पाठीवर घेऊन घोडा रात्रभर दौडतो आणि गडाच्या दाराशी पोचताच कोसळतो. त्या टापा हळूहळू मंद होत गेल्या ना, आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. माझ्या आईनं त्या दिवशी भात करपवला. मला मात्र रडता रडताही एक प्रश्न पडला होता: रेडिओ केंद्रात हे लोक घोडा बांधतात कुठे? मी माझं उत्तर ठरवून टाकलं, मागच्या अंगणात. आणि चोपन्नाव्या वर्षापर्यंत त्या उत्तरावर मी समाधानी होते.

तर, बाळंतपण. मी पुण्याहून येताना डिंक, अळीव, ओवा, शेपा, सगळं कागदोपत्री जाहीर करून विमानतळावरून सुखरूप आणलं होतं. एकच गोष्ट राहिली होती. करवंट्या. बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची तर निखारे करवंटीचेच हवेत. माझ्या आईनं मला दिली, तिच्या आईनं तिला दिली, आणि मी काय लेकीला हीटरसमोर बसवणार?

"आई, हे सेंट्रल हीटिंगवालं घर आहे," मंजिरी म्हणाली.

"हीटिंग वेगळं, धुरी वेगळी."

"मिडवाइफला विचारू का?"

"तिच्या आजीला विचार."

"आई, इथे करवंट्या मिळत नाहीत! विषय संपला!"

विषय संपला नव्हता. कारण एका गुरुवारी मी लंगोट वाळत घालायला लाँड्रीत गेले आणि ड्रायरवर, मऊ फ्लॅनेलच्या फडक्यात जपून गुंडाळलेल्या, मला दिसल्या दोन करवंट्या. आणि काय करवंट्या! काळ्याभोर, गुळगुळीत, कडा घासून घासून गोल झालेल्या, खडखडीत वाळलेल्या. तळहातात अशा बसल्या, जशा माझ्यासाठीच घडवल्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. जावई असावा तर असा! सासू नुसतं बोलली आणि यानं कुठून कुठून शोधून, घासूनपुसून, फडक्यात बांधून आणल्या. आणि बोलून दाखवलं नाही. (माझ्या सासरच्यांनी एक लवंग आणली तरी गावभर सांगितलं असतं.)

मी तडक मागच्या डेकवर गेले. तिथे मिलिंदचा बार्बेक्यू होता. त्यात करवंट्या पेटवल्या. अहाहा! असा रसरशीत निखारा मी जन्मात पाहिला नाही. तेव्हा मला वाटलं परदेशी नारळच चांगला असेल. तो निखारा लोखंडी कढईत घेतला, वर ओवा, शेपा, चिमूटभर ऊद टाकला आणि मिरवत आत आले.

पुढच्याच क्षणी छताला कंठ फुटला! स्मोक अलार्म. आधी हॉलमधला, मग त्याचं ऐकून पॅसेजमधला, मग बेडरूममधला. मंजिरी टॉवेल फडकावत धावली, मी कढई घेऊन गोल गोल फिरू लागले, आणि जिथे जाईन तिथला अलार्म केकाटू लागला.

"आई, बाहेर! बाहेर ने ती!"

"अगं, अजून बाळाला दिली नाही!"

"आई!!"

बाळ मात्र गाढ झोपलं होतं. (म्हणजे गुण आला होता! पण माझं कोण ऐकतो.)

मी डेकवर येऊन उभी राहिले, तर कुंपणावरून लेसचं डोकं वर आलं. त्यांचा उजवा हात गळ्यात, प्लास्टरमध्ये. चार दिवसांपूर्वी सकाळच्या दवावर घसरून मनगट मोडून घेतलं होतं.

"सगळं ठीक ना, मिसेस जे?"

"ठीक, ठीक! फॉर बेबी!"

लेसनी डोळे मिटले आणि नाक भरून वास घेतला. "वा! काय सुंदर वास! काय जाळताय?"

"कोकोनट!" मी अभिमानानं म्हणाले, आणि कढई त्यांच्या नाकाजवळ नेली. "व्हेरी ओल्ड. बेस्ट क्वालिटी!"

"ब्यूटिफुल," लेस म्हणाले, आणि पुन्हा एक मोठा श्वास घेतला.

आज हे लिहिताना माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

संध्याकाळी मिलिंद ऑफिसातून आला. बूट काढले, बाळाकडे बघून घेतलं आणि लाँड्रीत गेला. मग लाँड्रीतून कपाटं उघडल्याचे आवाज येऊ लागले. मग ड्रायर सरकवल्याचा.

"आई," त्यानं दारातून डोकं काढलं, "इथे एका फडक्यात दोन करवंट्या होत्या का हो?"

"होत्या तर! मिलिंदराव, तुम्ही इतका विचार केलात, मला शब्दच सुचेनात बघा."

"कसला विचार?"

"धुरीचा! फक्कड पेटल्या. राखसुद्धा इतकी मऊ, की मी तिनं कढई घासून काढली."

मिलिंद मटकन वॉशिंग मशीनवर बसला. त्याचा चेहरा लंगोटांपेक्षा पांढरा झाला होता.

"आई," तो अगदी हळू म्हणाला, "तो लेसचा घोडा होता."

मी मंजिरीकडे पाहिलं. मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ऑफिसात कामाचा ताण फार असावा.

मग हळूहळू उलगडा झाला. लेस तरुणपणी रेडिओत होते हे मला माहीत होतं. मी समजत होते, बातम्या देत असतील. ते नभोनाट्यांना आवाज पुरवायचे! पत्रा हलवून गडगडाट, वाळूच्या ट्रेमध्ये पावलं, आणि करवंट्या आपटून घोडा. याच दोन करवंट्या. त्यांना नाव होतं, रस्टी. रस्टीनं म्हणे सगळ्या देशाला काउबॉयांच्या मागे पळवलं होतं. आणि येत्या शनिवारी आमच्या इथल्या जुन्या कम्युनिटी हॉलमध्ये एक काउबॉयचं नभोनाट्य प्रेक्षकांसमोर सादर होणार होतं. तो हॉल नंतर पाडणार होते, त्याआधीचा हा शेवटचा कार्यक्रम. लेसचे रेडिओतले जुने सोबती कुठून कुठून येणार होते. लेसचा हात मोडला म्हणून घोड्याचं काम मिलिंदकडे आलं होतं, आणि सासूसमोर करवंट्या बडवायची लाज वाटते म्हणून तो दार लावून लाँड्रीत सराव करत होता. मी ते कपड्यांच्या मशीनचे आवाज समजत होते.

पण खरं सांगू? त्या क्षणी मला लेसची आठवणही झाली नाही.

"म्हणजे रेडिओवर घोडा नसतो?" मी विचारलं.

"नाही, आई."

"आपल्या रेडिओवरसुद्धा?"

"नाही."

"म्हणजे आम्ही सगळ्या बायका करवंटीसाठी रडलो?"

मंजिरी हसायला लागली ती थांबेचना. बाळंतिणीनं इतकं हसू नये असं मी सांगत होते, तर ती आणखीच. मिलिंद मात्र हसत नव्हता. "मी लेसना काय सांगू?" एवढंच पुटपुटत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मी कुंपणावरून त्या बिचाऱ्याला त्याच्याच घोड्याची धुरी दिली होती!

शुक्रवारी सकाळी मिलिंदनं सुट्टी टाकली आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या भाजीच्या दुकानातून पिशवीभर नारळ आणले. पहिला त्यानं काँक्रीटवर आपटला, त्याचे पाच तुकडे झाले. दुसऱ्याचे सात. "हा काय घोडा आहे की भेळ?" म्हणून मी नारळ हातात घेतला, कंबरेवरून गोल फिरवत कोयत्याच्या पाठीनं ठोके दिले, आणि बरोब्बर दोन वाट्या! मग खोबरं खवलं, वाट्या तासल्या, ओव्हनमध्ये वाळवल्या. (एक जोडी ओव्हनमध्ये तडकली. अलार्म पुन्हा गायला.) खोबरं इतकं झालं की पथ्यावरची मंजिरी सोडून घरात सगळ्यांना दोन्ही जेवणांत खोबरंच, आणि वर एक मोठं ताट वड्या. शेवटी जमलेली जोडी इतकी कोरी दिसत होती, की मिलिंदनं तिला काळं बूटपॉलिश चोपडलं.

"वाजवा बरं," मी म्हणाले.

मिलिंदनं वाजवलं. एखादा माणूस अंधारात जिना उतरतोय असं वाटलं.

"हा कुठला घोडा? द्या इकडे." आमच्या माहेरच्या घरासमोर टांग्यांचा अड्डा होता. मी बालपणभर टापाच ऐकत आले होते. वाट्या हातात घेतल्या आणि टेबलावर सोडल्या: टपटप, टपटप, टपटप! बाळानं डोळे उघडले. मिलिंद उभाच राहिला. मंजिरी म्हणाली, "आई, तूच घोडा हो."

पण आधी लेसना सांगायला हवं होतं. मिलिंद "मी सांगतो" म्हणाला; मी म्हटलं, "जाळला मी, सांगणारही मीच." वड्यांचं ताट घेऊन गेले. लेसनी एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली आणि म्हणाले, "कालच्या त्या वासाची आठवण येते हो."

आता यापुढे काय बोलणार? तरी बोलले. इंग्रजीत ‘करवंटी’ला शब्द सुचेना, म्हणून मी त्यांच्या टेबलावर हातांनी टपटप करून दाखवलं, मग ज्वाळा दाखवल्या, मग बाळ झुलवलं. लेस बघत राहिले. हातातली वडी हातातच राहिली.

"रस्टी?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

ते उठून खिडकीशी गेले. पाठमोरे उभे राहिले. कुंपणापलीकडचा आमचा बार्बेक्यू तिथून स्वच्छ दिसत होता. मला वाटलं, आता हे माझ्याशी कधीच बोलणार नाहीत, रविवारचे घोडेही संपले, आणि शनिवारची सगळी संध्याकाळ मी खाल्ली. ते वळले. डोळे लाल होते.

"बाळाला बरं वाटलं का?"

"व्हेरी गुड स्लीप," मी म्हणाले.

"मग उद्या घोडा तुम्हीच व्हा, मिसेस जे. मी बोटानं खुणा करतो. बोट वर, पळायचं. मूठ, थांबायचं. जमेल?"

न जमायला काय झालं? मला वाटलं, चोपन्न वर्षं घरात मी दुसरं काय केलं!

शनिवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत लेसचे सोबती बसले होते, सगळे पिकलेले, आणि नाटक सुरू होताच सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. रेडिओ असा ऐकायचा असतो ना. मी ठेवणीतली पैठणी नेसून स्टेजच्या कडेला टेबलामागे उभी. समोर वाट्या, शेजारी वाळूचा ट्रे, कारण सगळ्यांची पावलंही माझ्याचकडे. पलीकडे खुर्चीत लेस, एक हात गळ्यात, दुसऱ्याचं बोट तयार.

सुरुवात झकास झाली. नायक गावात येतो. बोट वर: टपटप, टपटप! पहिल्या रांगेत एका आजोबांनी मिटल्या डोळ्यांनीच स्मित केलं. मला चेव आला. घाम आला तो मी मनगटानं पुसला आणि कपाळभर बूटपॉलिश लागलं, पण मला पत्ता कुठे! मी त्या गोष्टीत पार बुडाले होते. आईबापाविना वाढलेली ती मुलगी, तिचं ते छोटंसं शेत, आणि तो मेला खलनायक! तो झाला होता कोपऱ्यावरच्या दुकानाचा, म्हणजे इथल्या भाषेत डेअरीचा, मालक ग्रॅहम. एरवी मला दुधाची पिशवी दारापर्यंत आणून देणारा देवमाणूस. पण त्या संध्याकाळी त्यानं त्या पोरीच्या धान्याच्या कोठाराला आग लावली, खदाखदा हसला आणि घोड्यावर उडी मारून ओरडला, "आता मला कोण पकडतो बघतो!"

नाटकाप्रमाणे त्यानं इथे पळून जायचं होतं. दुसऱ्या अंकात सूड, पाठलाग, डोंगरकडा, सगळं त्याच्या पळण्यावर उभं होतं. लेसचं बोट वर झालं.

माझे हात हलेनात.

म्हणजे मला कळत होतं हो! पण आग लावून हा सटकणार, आणि याला पळवून नेणार कोण? मी? माझ्या हातांनी? मी वाटी उचलली आणि हळूच ठेवली. टप्. मग बऱ्याच वेळानं दुसरी. टप्.

ग्रॅहमनं कागदावरून डोकं वर काढलं. "पळ, राजा! पळ!"

टप्... टप्... आणि एक पाय ओढत, खर्रर्र. मी घोडा लंगडा केला.

लेसचं बोट टेबलावरच्या पंख्यासारखं फिरू लागलं. मी त्यांच्याकडे बघायचंच सोडलं.

"पळ म्हणतो ना!" ग्रॅहमच्या आवाजात आता खरीच भीती होती. प्रेक्षकांत कुणीतरी फिस्सकन हसलं.

मी दोन्ही वाट्या टेबलावर उपड्या ठेवल्या. घोडा बसला.

"बरं, मग मी चालत जातो!" ग्रॅहम गरजला. पण पावलंही माझ्याच ताब्यात होती! मी हाताची घडी घातली. तो ‘चालतोय, चालतोय’ म्हणत राहिला आणि वाळूचा ट्रे गप्प. हॉलमध्ये लोक खुर्च्यांवरून घसरू लागले. एवढ्यात नायकाचा संवाद आला. त्या बिचाऱ्या पोरानं कागदाची पानं चाळली, पुढे-मागे पाहिलं आणि शेवटी म्हणाला, "तू इथेच आहेस? मग... चल, तुरुंगात."

मी त्या दोघांना टपटप, टपटप, सुरेख दौडत तुरुंगात पोचवलं.

नाटक पहिल्या अंकातच संपलं. दुसरा अंक कुणाला हवा होता? सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणला होता, तो लोकांनी तासभर आधीच खायला घेतला. टाळ्या थांबेनात. मंजिरी बाळाला घेऊन मागे उभी होती, ती मला खुणेनं कपाळ पुसायला सांगत होती. मला वाटलं, दृष्ट काढतेय. मिलिंद मला ओळखत नसल्यासारखा चहाच्या रांगेत शिरला.

आणि माझी नशा उतरली. लेस खुर्चीत पुढे वाकून बसले होते, तोंडावर हात, खांदे गदागदा हलताहेत. झालं! आधी घोडा जाळला, मग नाटक बुडवलं. त्यांचे सोबती भोवती उभे. मी पैठणीच्या पदरानं हात पुसत (हो, तेही पॉलिश!) त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "सॉरी लेस, व्हेरी व्हेरी सॉरी."

लेसनी मान वर केली. गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि हसून हसून त्यांना श्वास घेता येत नव्हता. आधी डोळे पुसले, मग माझ्या काळ्या कपाळाकडे पाहिलं, मग पुन्हा हसले. ते इंग्रजीत बोलले, पण शब्दाला शब्द ठेवून सांगते:

"मिसेस जे, माझ्या हातून शेकडो घोडे पळाले. थकलेले, जखमी, पिसाळलेले, सगळे. पण ज्याला नाटकाची गोष्टच पटली नाही, असा घोडा मी आज पहिल्यांदा पाहिला."